मान्य व कबूल

कायद्याच्या कॉलेजात व्यावसायिक नीतिशास्त्र हा विषय शेवटच्या वर्षाला असतो, आणि तो दुपारच्या जेवणानंतर असतो. म्हणजे वेळापत्रक लावणाऱ्यालाही त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसावी. मुलं त्या तासाला 'विश्रांती' म्हणत. सर हा विषय सत्तावीस वर्षं शिकवत होते आणि त्यातली पहिली सोळा वर्षं त्यांनी फळ्यावर घालवली. पक्षकाराचं गुपित फोडू नये. खोटा साक्षीदार उभा करू नये. समोरच्या पक्षकाराशी त्याच्या वकिलाच्या पाठीमागे परस्पर बोलू नये. मुलं हे इमानेइतबारे वहीत उतरवून घेत, परीक्षेत ओकून टाकत, आणि सनद मिळाल्यावर सहा महिन्यांत यातलं काय काय करत तेही सरांच्या कानावर येई. सतराव्या वर्षी सरांनी खडू खाली ठेवला आणि नाटक सुरू केलं.

नाटक हा शब्द सरांना चालत नसे. ते 'अभिरूप सराव' म्हणत. त्यासाठी त्यांनी खोली नंबर नऊ मागून घेतली, तिच्यात वकिलाचं ऑफिस मांडलं: एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, दोऱ्या बांधलेल्या फायली आणि भिंतीवर जुन्या सालाचं कॅलेंडर. कॅलेंडर जुनं का, असं कुणी विचारलं तर सर म्हणत, "चालणाऱ्या वकिलाला पान उलटायला वेळ नसतो." शेजारच्या खोलीतून आत दिसावं म्हणून मध्ये काच बसवली होती. दिसायचं, पण ऐकू यायचं नाही. हा सरांचाच नियम. पक्षकार बोलतो ते वकिलाने ऐकायचं, मास्तराने नाही.

सराव तीन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत एक बाई येते, तिला तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यापासून वेगळं व्हायचं असतं, आणि तो आरडाओरडा करतो असं शेजारणीला खोटंच सांगायला लावायचा तिचा विचार असतो. विद्यार्थ्याने तिचं ऐकून घ्यायचं, शेजारणीचा बेत मोडायचा आणि बाईला मात्र मोडायचं नाही. दुसऱ्या फेरीत तिचा नवरा येतो आणि बायको काय बोलली ते काढून घ्यायला बघतो. रडून, दमदाटी करून, गोड बोलून. नवऱ्याचं काम सर स्वतः करत आणि फार झकास करत. जो तोंड उघडेल तो नापास. तिसऱ्या फेरीत विद्यार्थ्याने बाईच्या वतीने नवऱ्याला नोटीस द्यायची आणि नवऱ्याने तिला उत्तर द्यायचं.

बाईचं काम दरवर्षी कोर्टातला एक निवृत्त कारकून करत असे. बाप्या होता, पण उभ्या नोकरीत त्याने इतकं रडणं ऐकलं होतं की कुणाच्याही वतीने त्याच्या डोळ्यांत पाणी येई. यंदा त्या डोळ्याचंच ऑपरेशन निघालं. सर सकाळी चहा पिताना कुरकुरत होते, "आता आयत्या वेळी बाई कुठून आणायची?"

"मी येते," सरांची बायको म्हणाली.

बायको निवृत्त परिचारिका. तीस वर्षं सरकारी रुग्णालयात, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आख्खी कॉलनी तिला सिस्टर म्हणे आणि पोराचा ताप उतरला नाही की तिचंच दार वाजवी. आपणही त्यांना सिस्टरच म्हणू.

"तुला जमेल?" सर म्हणाले.

"तीस वर्षांची बायको ना? बघते प्रयत्न करून."

सरांच्या आवाजात तेव्हा थोडा उपकार होता आणि थोडी भीती होती. भीतीचं कारण असं की, तीन आठवड्यांपूर्वी संस्थेने सरांना निवृत्तीनंतर तीन वर्षांची मुदतवाढ देऊ केली होती. सरांनी तिथल्या तिथे सही केली आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. सिस्टर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि पुढची घडी घातली. तेव्हापासून त्या कामापुरतंच बोलत होत्या. दूध आलंय, दिवा बंद करा, लेकीचा फोन आला होता. आठ दिवसांपूर्वी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली. "धूळ पुसायची होती," असं उत्तर मिळालं. धूळ पुसून झाली तरी बॅग वर गेली नाही. सर रोज तिला वळसा घालून जात आणि विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

पहिल्या फेरीच्या दिवशी सात जणांची तुकडी होती. सिस्टर इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. हातात सरांनी लिहिलेला कागद. काचेतून बघताना सरांना वाटलं, कारकुनापेक्षा बरं करतेय. पहिला पोरगा तेरा मिनिटांत बाहेर. दुसऱ्याने बाईलाच कायदा शिकवला. तिसरी बाईंच्या आधी स्वतःच रडली. सहा जण वीस मिनिटांच्या आत उरकले.

सातवी पोचपावती. हे तिचं टोपणनाव, वर्गाने दिलेलं आणि तिने न कुरकुरता वापरलेलं. तिने वही दिली की घेणाऱ्याने एका छोट्या डायरीत 'मिळाली' म्हणून तारखेसह सही करायची. उसनं दिलेलं पेन परत आलं तरी ती नोंद करी. वर्गात तोंडात मूग धरून बसे. सरांना तिच्याबद्दल विशेष मत नव्हतं.

ती आत गेली, बसली, काहीतरी एक वाक्य बोलली आणि गप्प झाली. सिस्टरांनी कागदावर बघून सुरुवात केली. मग थांबल्या. मग त्यांनी कागद पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर पर्स ठेवली.

वीस मिनिटांची घंटा सरांनी स्वतः वाजवली. आत कुणी हललं नाही. सरांनी पुन्हा वाजवली. पोचपावतीने काचेकडे न बघता एक हात वर केला, रस्त्यावरचा पोलीस करतो तसा. सिस्टर बोलत होत्या. हातवारे करत होत्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मध्येच खळखळून हसल्या, आणि हसता हसता चष्मा काढून पदराने पुसू लागल्या, ते बराच वेळ. पोचपावतीने पेनाला टोपण लावलं आणि हात मांडीवर ठेवले. आपली बायको एवढं सलग बोलते हे सरांना माहीतच नव्हतं. त्यांनी काचेला कान लावून पाहिला. काच उत्तम बसवली होती.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला सिस्टर बाहेर आल्या.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं."

"एवढा वेळ काय बोलत होतीस?"

"ते गोपनीय आहे ना?" सिस्टर म्हणाल्या आणि पक्षकाराने भरायचा गुणांचा तक्ता त्यांच्या हातात ठेवला. सगळीकडे दहापैकी दहा. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ: 'मध्ये बोलली नाही.' मग त्या भाजी घ्यायची आहे म्हणून निघून गेल्या.

दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी. सर नवऱ्याच्या भूमिकेत शिरले. पहिल्याच पोराला त्यांनी 'तू मला मुलासारखा' म्हणताच त्याने बायकोचे सगळे बेत शेजारणीसकट ओतले. दुसऱ्याला दम भरावा लागला. दुपारी दोनपर्यंत सहांपैकी तीन नापास झाले आणि त्यांच्याकडून जे कळलं ते स्वतः सरांनीच कागदावर लिहिलेलं होतं. मग ते पोचपावतीसमोर येऊन बसले.

"मी त्यांचा नवरा," सर म्हणाले. हे वाक्य ते अकरा वर्षं म्हणत आले होते. आज त्याआधी त्यांना खाकरावं लागलं.

"बसा," पोचपावती म्हणाली. ते बसलेलेच होते.

"माझी बायको तुमच्याकडे आली होती."

"माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नसते."

"पंचेचाळीस मिनिटं बसली होती. मी बघितलं काचेतून."

"मग बघितलंत ना."

"बत्तीस वर्षांचा संसार आहे हो. मला कळायला नको का?"

"कळायला हवंच," ती म्हणाली. "माझ्याकडून नको."

कागदावरचा संसार तीस वर्षांचा होता. बत्तीस हा आकडा सरांच्या घरातला होता. तो तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि तिच्याही आलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

"हे बघ," सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सराव थांबव. आता मी सर म्हणून विचारतोय. तिने कागद बाजूला ठेवला होता. म्हणजे ती भूमिका सोडून बोलली. मग गोपनीयतेचा प्रश्न येतोच कुठे?"

"भूमिका होती की नव्हती, हे सांगणं म्हणजेसुद्धा त्या काय बोलल्या ते सांगणंच झालं, सर."

उत्तर इतकं बरोबर होतं की एरवी सरांनी ते वर्गाला लिहून घ्यायला लावलं असतं.

"तुझ्याकडे सनद नाही अजून. कायद्याने तुला हा नियम लागू होत नाही."

"तुम्हीच म्हणालात, या खोलीत पाऊल टाकलं की सनद मिळाली असं समजायचं."

"मार्क माझ्या हातात आहेत."

"हेपण फेरीत येतं का?" तिने पेनाचं टोपण काढलं. "नाही, म्हणजे तशी नोंद करते." आणि तिने खरोखरच लिहिलं: मार्कांची धमकी, दोन वाजून दहा.

सरांनी चष्मा काढला. "बरं, सर म्हणून नाही. नवरा म्हणून विचारतो."

"नवरा म्हणून आधी विचारून झालं, सर."

खोलीत पंखा फिरत होता. सर टेबलाच्या कडेकडे बघत होते. नवऱ्याची सोंगं त्यांनी आजवर शेकड्यांनी केली होती, पण हे त्यातलं कुठलंच नव्हतं आणि ते त्यांना लपवताही येत नव्हतं.

"एवढंच सांग," ते म्हणाले. "ती जाणार आहे का?"

पोचपावतीचा चेहरा तेवढ्यापुरता वकिलाचा राहिला नाही. तिने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "पाणी घ्या, सर," म्हणाली. सर पाणी प्यायले आणि त्यांनी तक्त्यात तिच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले. दहा त्यांनी आजवर कुणालाच दिले नव्हते. शून्य जरा मोठं आलं.

घरी जाऊन सरळ विचारता आलं असतं. कुणीही विचारलं असतं. सर जिन्यापर्यंत तसं ठरवून आलेही होते. पण दारात त्यांना नियम आठवला: समोरच्या पक्षकाराने वकील दिला असेल तर त्याच्याशी परस्पर बोलायचं नाही. सिस्टरांना वकील होता. तिसरी फेरी अजून व्हायची होती. तेव्हा या विषयावर तोंड उघडणं म्हणजे सत्तावीस वर्षं शिकवलेल्यावर पाणी सोडणं. भित्र्या माणसाला एवढा भक्कम आधार क्वचित मिळतो. सर दोन दिवस घरात पक्के नियमाने वागले. सिस्टरांनी मीठ पुढे केलं तर ते 'धन्यवाद' म्हणाले. बॅग आता कपड्यांच्या कपाटापाशी सरकली होती.

तिसऱ्या दिवशी टेबलावर सात नोटिसा आल्या. सहा नोटिशींत नवऱ्याला कोर्टात खेचायची धमकी होती आणि त्यांतल्या एकीत त्याचं वय चुकलं होतं. पोचपावतीची नोटीस तिने स्वतः आणून दिली, डायरीत सही घेतली आणि ती गेली. सरांनी केबिनचं दार लावलं.

'आमच्या पक्षकारांच्या सांगण्यावरून व त्यांनी तपासून मंजूर केलेल्या मजकुराप्रमाणे आपणास कळविण्यात येते की:

१. आपला व आमच्या पक्षकारांचा विवाह होऊन बत्तीस वर्षे झाली आहेत.

२. आपली कन्या दोन वर्षांची असताना पक्षकार रात्रपाळीवरून सुटत व आपण कामावर निघत. रोज सकाळी सात वाजता रुग्णालयाच्या मागच्या जिन्यात आपण कन्या पक्षकारांच्या ताब्यात देत असत व घराची किल्लीही देत असत. अशाच एका सकाळी आपण पक्षकारांस तोंडी म्हणाला होतात की, "आत्ता माझ्या वेळेने काढ, निवृत्त झालो की तुझ्या वेळेने चालू." सदर वेळी कन्येच्या एका पायात बूट नव्हता.

३. पक्षकार गेल्या वर्षी निवृत्त झाल्या व वाट पाहत राहिल्या. आपण मुदतवाढ स्वीकारताना त्यांना विचारले नाही. नंतर त्या "बरं" म्हणाल्या. हा उद्गार आपण संमती समजला असाल तर तो आपला गैरसमज आहे.

४. पक्षकारांनी परगावच्या परिचारिका विद्यालयात शिकविण्याची नेमणूक स्वीकारली आहे. आपले सत्र संपल्यानंतरच्या एक तारखेस त्या तेथे रुजू होतील. ही धमकी नसून माहिती आहे, असे कळविण्याची पक्षकारांची खास सूचना आहे.

५. आपण सोबत येणार किंवा कसे, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे.'

सरांनी नोटीस दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मग त्यांनी उत्तराचा कागद ओढला.

नोटिशीच्या उत्तराची एक रीत असते. समोरच्याने काहीही लिहिलेलं असो, एकेक परिच्छेद घ्यायचा आणि नाकारायचा. आज कबूल केलेलं उद्या गळ्याशी येतं, म्हणून वकिलाचा हात आपोआप नकाराकडे वळतो. सरांच्या हाताने लिहिलं: 'परिच्छेद एकमधील मजकूर खरा नसून तो मान्य व कबूल नाही.' लिहून झाल्यावर त्यांना कळलं की आपण लग्नच नाकारलं आहे. त्यांनी कागद फाडला.

परिच्छेद दोनवर ते अडले. जिना त्यांना आठवत होता. हिरवा कठडा, औषधांचा वास, लेकीचं झोपेने जड झालेलं अंग, किल्लीचा थंड लागणारा गुच्छ. बूटसुद्धा आठवला, कारण तो पुढे कधी सापडलाच नाही. पण ते वाक्य काही केल्या आठवेना. लेखी पुरावा नाही, साक्षीदार दोन वर्षांची. जगातल्या कुठल्याही कोर्टात हा परिच्छेद पहिल्याच दिवशी उडाला असता. असा परिच्छेद उडवायचा कसा, ते सरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं.

ते तासभर बसून राहिले. मग त्यांनी पाच ओळी लिहिल्या, सही केली, आणि उठून प्राचार्यांकडे गेले. तिथून बाहेर आले तेव्हा मुदतवाढीच्या पत्रावर 'विनंतीवरून रद्द' असा शिक्का होता आणि प्राचार्य अजून "अहो, पण का?" असं विचारत होते. पोचपावती वाचनालयात सापडली. सरांनी उत्तर तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं, नाक ओढलं आणि डायरी काढली. या वेळी सही तिने केली.

सर चालत घरी आले, लांबच्या रस्त्याने. पोहोचले तेव्हा सिस्टर जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसल्या होत्या आणि समोर त्यांचं उत्तर होतं. पोचपावती सायकलवर येऊन देऊन गेली होती.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "वकिलाने सांगितलंय, आता आपापसात बोलायला हरकत नाही."

सर बसले.

"पाचही परिच्छेदांपुढे 'मान्य व कबूल' लिहिलंय तुम्ही."

"हो."

"दुसरासुद्धा?"

"हो."

"तुम्हाला आठवतं ते?"

आता नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. सरांच्या ओठापर्यंत आलंही होतं. "नाही," ते म्हणाले. "जिना आठवतो. बूट आठवतो. मी म्हणालो ते नाही आठवत."

"मग कबूल कसं केलंत? खोटं लिहून देऊ नये म्हणून सत्तावीस वर्षं घसा कोरडा करताय."

"तू सांगितलंस ना," सर म्हणाले. "तू मला कधी खोटं सांगितलेलं नाहीस. माझ्या आठवणीपेक्षा तो पुरावा मोठा आहे."

सिस्टरांनी चष्मा काढला आणि कागदावर ठेवला. मग तो पुन्हा उचलून पदराने पुसत राहिल्या. सर मध्ये बोलले नाहीत.

"मला हे घरी का नाही सांगितलंस?" शेवटी सरांनी विचारलं.

"तीनदा सुरुवात केली होती. तिन्ही वेळा तुम्ही मला मुदतवाढीचे नियम समजावून सांगितलेत."

हेही सरांना आठवत नव्हतं. त्यांनी तेही कबूल केलं.

"मुदतवाढ रद्द करून आलोय," ते म्हणाले. "आज दुपारी. म्हणजे आता मी मोकळा आहे. तिथे मला काही काम नसेल, पण..." त्यांना पुढचं नीट जुळवता येईना. "तिथे राहायची सोय कशी आहे? तुला एकटीला दिली असेल एखादी खोली."

"दोन खोल्या आहेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यांनी आधी एकच दिली होती. मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत."

"कधी म्हणालीस? आज?"

"नाही हो," सिस्टर उठल्या आणि ताटं घ्यायला वळल्या. "नेमणुकीला होकार कळवला, त्याच दिवशी."